मझल ब्रेक कोणता घ्यावा? रीलमधलं उत्तर अमेरिकेचं, कायदा आपला

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप वाजलं. रिसोड तालुक्यातल्या आमच्या मामाच्या पोराचा मेसेज होता. एक स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: "दादा, यातलं कोणतं भारी हाये? आपल्या एअरगनले बसंल का?"

स्क्रीनशॉटमध्ये काळ्या रंगाच्या चार नळ्या होत्या. एकीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या खाचा, दुसरीला फक्त वरच्या अंगाला भोकं, तिसरी पिंजऱ्यासारखी, चौथी लांब आणि जाडजूड. वर इंग्रजीत लिहिलेलं, 'सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठी बेस्ट मझल ब्रेक', आणि कोपऱ्यात खरेदीचं पिवळं बटण.

पोरगा १९ वर्षांचा आहे. पहाटे पोलीस भरतीसाठी पळतो, रात्री बीजीएमआय खेळतो. गेममध्ये एम४१६ हातात आली की तिच्या तोंडाला काय लावायचं, कॉम्पेन्सेटर, फ्लॅश हायडर की सप्रेसर, हा प्रश्न त्याला रोज पडतो. तेच शब्द त्याने एकदा सर्च केले आणि मग फोनने त्याला खऱ्या रायफलींचे व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. गेमपासून दुकानापर्यंतचा हा प्रवास आठवड्याभरात झाला. वाशिमला बसून मिसिसिपीचा माणूस काय विकतोय ते बघायला आता वेळ लागत नाही.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. 'नको घेऊ' एवढं म्हणून भागलं असतं, पण त्याने त्याचं समाधान झालं नसतं. म्हणून सगळं नीट समजून घेऊ. ही वस्तू काय आहे, ती चालते कशी, रीलमधला सल्ला कुणासाठी असतो आणि तिच्यावरचं बटण वाशिममधून दाबलं तर काय होऊ शकतं.

शेतातला पाईप आठवा

रात्रीची लाईट आल्यावर शेतात पाणी द्यायला गेलेल्या कुणालाही हे माहीत आहे. लपेटा पाईप जमिनीवर सोडलेला असतो, मोटार चालू होते आणि पाईपचं तोंड सापासारखं वळवळत मागे सरकतं. पाणी पुढे जातं, पाईप मागे ढकलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही.

आता त्या पाईपच्या तोंडाला प्लंबिंगचा 'टी' बसवा. पाणी सरळ पुढे न जाता डावीकडे आणि उजवीकडे फुटतं. पाईपची मागे पळण्याची ओढ बरीच कमी होते. हा झाला मझल ब्रेक.

'टी'ऐवजी तोंड वर केलेला एल्बो लावला तर पाणी आभाळाकडे उडतं आणि पाईप जमिनीवर दाबला जातो. हा झाला कॉम्पेन्सेटर. झारीचं तोंड लावलं तर पाणी विखुरतं, एका जागी जोर राहत नाही. हा ढोबळमानाने फ्लॅश हायडर. आणि पाईप आधी मोठ्या टाकीत सोडला, टाकीतून पाणी संथपणे बाहेर आलं, तर तो सप्रेसर, म्हणजे ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो.

बंदुकीत पाण्याच्या जागी गॅस असतो. काडतुसातली दारू जळते, तिचा प्रचंड दाबाचा गॅस होतो, तो गोळीला पुढे रेटतो आणि गोळीच्या मागोमाग नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. मझल ब्रेक गोळीला हातही लावत नाही. त्याचं सगळं काम मागून येणाऱ्या या गॅसवर चालतं.

आणि 'टी' लावल्यावर पाईपच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं? तो भिजतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थोडा हिशेब करू

७.६२ बाय ५१ मिमीचं काडतूस घेऊ. आपल्या लष्कराच्या सिग ७१६ रायफलमध्ये हेच वापरतात. गोळी साधारण ९.५ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला साधारण ८४० मीटर. वजन गुणिले वेग केलं की संवेग निघतो. तो इथे ८ च्या आसपास येतो.

मागची दारू साधारण ३ ग्रॅम. तिचा गॅस तोंडातून निघताना गोळीपेक्षा जास्त वेगाने सुटतो. सेकंदाला १,२५० मीटर धरला तर गॅसचा संवेग पावणेचारच्या जवळ येतो. म्हणजे खांद्याला बसणाऱ्या एकूण धक्क्यातला जवळपास एक तृतीयांश वाटा गॅसचा आहे. ब्रेकला खेळायला मिळतं ते एवढंच. चांगला ब्रेक हा गॅस नुसता बाजूला नाही, थोडा मागेही वळवतो, म्हणून गॅसच्या वाट्याहून थोडा जास्त फायदाही मिळू शकतो. पण गोळीच्या वाट्याचा धक्का कुठेही जात नाही.

आता तुमच्या एनसीसी कॅम्पमधली .२२ रायफल घ्या. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि दारू चिमूटभर. गॅसचा वाटा कसाबसा दहावा भाग. तिथे ब्रेक लावून काही कळणारही नाही.

आणि एअरगन? स्प्रिंगवाल्या एअरगनचा झटका नळीच्या तोंडातून येतच नाही. आतली स्प्रिंग आणि दट्ट्या पुढे-मागे आपटतात, त्याचा तो झटका असतो. तोंडाला कितीही भारी नळी लावली तरी तो तसाच राहणार. उलट टोकाला वजन वाढून आधी जमलेला नेम बिघडणार. पोराच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. बसलं तरी उपयोग शून्य.

जाता जाता जाहिरातीतली एक चलाखी. एकच ब्रेक एका रीलमध्ये '२५ टक्के धक्का कमी' करतो आणि दुसऱ्या रीलमध्ये '४४ टक्के'. दोघंही खोटं बोलत नसतात. पहिल्याने संवेग मोजला, दुसऱ्याने ऊर्जा. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.७५ ला ०.७५ ने गुणलं की ०.५६ येतात, म्हणजे ४४ टक्के घट. वस्तू तीच, आकडा मोठा. मोबाईलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून फसलेल्यांना हे पटकन समजेल.

चार नळ्या, चार कामं

मझल ब्रेकचं काम मागचा धक्का कमी करणं. बॅरेट एम८२ ही .५० कॅलिबरची मोठी अमेरिकन रायफल तुम्ही गेममध्ये किंवा सिनेमात पाहिली असेल. तिच्या टोकाला बाणाच्या पात्यासारखा जो ठोकळा दिसतो तो ब्रेक आहे. त्याच्याशिवाय ती खांद्यावरून चालवणं फार अवघड झालं असतं.

कॉम्पेन्सेटरचं काम नळी वर उचलली जाऊ न देणं. याचं सगळ्यात साधं उदाहरण १९५९ च्या सोव्हिएत एकेएम रायफलचं. नळीच्या टोकाला तिरका कापलेला एक छोटा तुकडा, बस. बंदूक वर आणि उजवीकडे पळायची, म्हणून गॅसने तिला खाली आणि डावीकडे ढकलायचं. नंतरच्या एके-७४ मध्ये दोन कप्प्यांचा मोठा ब्रेक आला.

फ्लॅश हायडर धक्क्याचं फारसं काही करत नाही. तोंडाशी आलेला गरम गॅस बाहेरच्या हवेत मिसळून पुन्हा पेटतो, तो मोठा जाळ कमी करणं हे त्याचं काम. रात्री स्वतःच्याच बंदुकीच्या उजेडाने शिपायाचे डोळे दिपू नयेत आणि त्याची जागा समोरच्याला कळू नये, म्हणून तो लावतात.

सप्रेसर आवाज कमी करतो. पण सिनेमात होतो तसा 'फुस्स' नाही. रायफलचा आवाज तो साधारण २० ते ३० डेसिबलने खाली आणतो. उरलेला आवाजही दचकवणाराच असतो. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा हवेतला कडकडाट वेगळा, त्याला सप्रेसर काहीच करू शकत नाही.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक गुंता असतो. एका ट्रिगरला एक गोळी आणि पुढचं काडतूस आपोआप आत. बऱ्याच रायफलींत हे 'आपोआप' घडवायला नळीतलाच थोडा गॅस वापरतात. तोंडाला सप्रेसर लावला की गॅस आत तुंबतो, दाब वाढतो, यंत्रणा जास्त जोरात चालते आणि काजळी मागे, चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणजे टोकाला काही लावायचं तर अख्ख्या बंदुकीचा विचार करावा लागतो. गेममध्ये ड्रॅग केलं की बसलं, इतकं ते सोपं नाही.

फुकट काहीच मिळत नाही

आता तो पाईपशेजारी भिजलेला माणूस. मझल ब्रेक धक्का नाहीसा करत नाही, तो वळवतो. चालवणाऱ्याच्या खांद्यावर येणारा जोर बाजूला आणि मागे जातो. तिथे कुणीतरी उभं असतं.

साध्या रायफलच्या एका गोळीचा आवाज चालवणाऱ्याच्या कानापाशी साधारण १५५ ते १६५ डेसिबल असतो. अशा अचानक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. ब्रेक लावला की त्यावर आणखी काही डेसिबल चढतात. 'काही' म्हणजे थोडे वाटतात, पण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. बाजूच्या माणसाला आवाजाबरोबर हवेचा फटकाही बसतो, आणि जमीन कोरडी असेल तर धुरळा डोळ्यांत जातो. अमेरिकेतल्या काही रेंजवर ब्रेकवाल्यांना कडेची जागा देतात ती म्हणूनच.

कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा येत नाहीत. मग कानात कायमची शिट्टी वाजत राहते. भरतीच्या मेडिकलमध्ये कान तपासतात हेही विसरू नका.

बीजीएमआयमध्ये कॉम्पेन्सेटर लावल्यावर तुमच्या स्क्वाडमधल्या मित्राला ऐकू येणं बंद होत नाही. गेमने त्या वस्तूचा फायदा तेवढा घेतला, किंमत गाळली.

नळीच्या तोंडातून येणाऱ्या गॅसची किंमत काय असते ते २०२५ च्या दिवाळीत दिसलं. मध्य प्रदेशात रील बघून प्लास्टिकच्या पाईपच्या 'कार्बाईड गन' विकल्या-घेतल्या गेल्या. शंभराहून जास्त जण, त्यात बहुतेक लहान मुलं, डोळ्यांच्या इजेने दवाखान्यात गेले. काहींची नजर गेली. त्या पाईपमध्ये गोळी नव्हती. नुसता पेटता गॅस होता. उडाली का नाही म्हणून मुलं तोंडातून वाकून बघायची. आपल्याकडेही शेतातली माकडं आणि पाखरं हाकलायला असे पाईप कुणी ना कुणी आणतंच. घरात असेल तर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

रील कुणाच्या प्रश्नाचं उत्तर देतंय?

त्या रात्री मी पोराने पाठवलेल्या लिंकसारखे दहा-बारा व्हिडिओ पाहिले. त्यातला बराचसा सल्ला आपल्याला चुकीचा नाही, पण परका आहे. तिथे 'फ्लॅश हायडर नको, ब्रेक घ्या' असं सांगतात तेव्हा अनेकदा त्यामागे तंत्रज्ञान नसतं, कायदा असतो.

अमेरिकेत १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं काही सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर केंद्रीय बंदी होती. कोणती रायफल बंदीत बसते हे ठरवायला वैशिष्ट्यांची यादी होती आणि त्या यादीत फ्लॅश सप्रेसरचं नाव होतं. साध्या मझल ब्रेकचं नव्हतं. मग कंपन्यांनी एक काढून दुसरं लावलं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत असे नियम आजही आहेत. सप्रेसरसाठी तिथे १९३४ पासून वेगळी नोंदणी आहे आणि त्यावर २०० डॉलरचा कर होता. २०२६ च्या सुरुवातीपासून तो कर शून्यावर आला.

म्हणजे 'कोणता मझल ब्रेक निवडू' या इंग्रजी प्रश्नात अर्धा प्रश्न 'माझ्या राज्यात काय चालतं' हा असतो. उत्तर देणाऱ्याला वाशिमचा पोरगा ऐकतोय हे माहीत नसतं. अल्गोरिदमला तर कायदा नावाची गोष्टच माहीत नाही. त्याला एवढंच कळतं की तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

भारतात हे निवडतं कोण?

भारतात रायफलच्या टोकाला काय असावं हे ठरवणारे लोक आहेत, आणि त्यातले बरेच महाराष्ट्रात बसतात. पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा लष्कराच्या बंदुका आणि तोफा घडवते.

२०२५ च्या डिसेंबरअखेर संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांहून जास्त कार्बाईन घ्यायचा करार केला, रक्कम २,७७० कोटी रुपये. पुरवठादार दोन, पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टम्स. भागाकार केला तर एका कार्बाईनमागे सोबतच्या सामानासह साधारण ६५ हजार रुपये पडतात. यातल्या भारत फोर्जच्या कार्बाईनचा आराखडा एआरडीईचा आहे.

कार्बाईन म्हणजे आखूड नळीची रायफल. खोलीत, जिन्यात, गल्लीत लढायला. नळी आखूड असली की दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते, उरलेली दारू तोंडाशी जळते. त्यामुळे जाळही मोठा, दणकाही मोठा. आता विचार करा, अंधाऱ्या खोलीत चार जवान खांद्याला खांदा लावून शिरले आहेत. पहिल्याच्या बंदुकीला जोरदार मझल ब्रेक असेल तर त्याचा खांदा सुखात राहील, पण फटका बसेल शेजारच्याच्या तोंडावर. म्हणून अशा कामाला आधी विचारतात तो प्रश्न 'धक्का किती कमी होतो' हा नसतो. 'बाजूला कोण उभं आहे' हा असतो.

तोफेचं उलट. २६ जानेवारीच्या संचलनात धनुष तोफ बघाल तर तिच्या नळीच्या टोकाला खाचा असलेला मोठा ठोकळा दिसेल. तोही मझल ब्रेकच. तिथे शेजारी डोकं घालून कुणी उभं राहत नाही, तोफखान्याच्या जवानांच्या जागा ठरलेल्या असतात आणि कानाला संरक्षण असतं. १५५ मिमीच्या तोफेचा धक्का सांभाळायला ब्रेक हवाच. एआरडीईच्याच आराखड्याच्या ३०७ ॲटॅग्स तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. त्याही १५५ मिमीच्याच.

पण व्यावसायिकांच्या हातातही ही वस्तू किती नाजूक असते त्याचं उदाहरण याच कुळातलं आहे. २०१७ मध्ये धनुषच्या चाचण्यांत गोळा मझल ब्रेकवर आदळला. पुढचं काम अडलं, तपास झाला. पहिल्या सहा तोफा लष्कराला मिळायला एप्रिल २०१९ उजाडलं. गोळ्याची वाट आणि ब्रेकचं भोक एका रेषेत असावं लागतं. केसाएवढा फरकही तिथे चालत नाही. तोफेचे कारखाने, सरकारी प्रयोगशाळा, मोजमापाची यंत्रं एवढं सगळं असताना हे घडलं. गावातल्या लेथवर 'एक नळी फिरवून दे' म्हणणाऱ्याने याचा विचार करावा.

आणि आता कायदा

इथे जरा हळू वाचा.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये 'अग्निशस्त्र' म्हणजे काय ते सांगितलं आहे. स्फोटक किंवा इतर कोणत्याही ऊर्जेने गोळी फेकणारं शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र. पण व्याख्या तिथे संपत नाही. गोळीबाराचा आवाज किंवा जाळ कमी करणारी जोडसाधनं आणि बंदुकीचे सुटे भाग हेही त्याच व्याख्येत येतात.

याचा सरळ अर्थ असा की कायद्याच्या नजरेत सायलेन्सर हीच एक बंदूक आहे. फ्लॅश हायडर हीसुद्धा. मझल ब्रेक आवाज कमी करत नाही, उलट वाढवतो, पण तो बंदुकीचा भाग म्हणून या व्याख्येत येऊ शकतो. 'बंदूक नाहीये ना, नुसती नळी आहे' हे उत्तर पोलीस ठाण्यात टिकणार नाही.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलचं काय? शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक गटात आहेत. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून त्यांचा नेहमीसारखा परवाना मिळत नाही, तो विषय दिल्लीत गृह मंत्रालयाकडे जातो.

वाशिमच्या शेतकऱ्यासाठी कायद्यात वाट आहे, पण ती वेगळी आहे. सोयाबीन-तुरीत रोही आणि रानडुकरं शिरून एका रात्रीत पीक झोपवतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी परवान्याची सोय आहे. ती मुख्यतः ठासणीच्या बंदुकीची. तिला ना मॅगझिन, ना टोकाला आटे. परवाना मिळाला म्हणून रोही मारायची मुभाही मिळत नाही, त्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी लागते. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या काळविटावर गोळी गेली तर वन्यजीव कायद्याचं प्रकरण आणखी वेगळं.

एअरगनचं म्हणाल तर ४.५ मिमी, म्हणजे .१७७ बोअरपर्यंत आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. त्याच्या वर गेली की लागतो. पण व्याख्येतले 'इतर कोणतीही ऊर्जा' हे शब्द आठवा. एअरगनला परवाना नाही म्हणून तिच्या सायलेन्सरलाही नाही, हा हिशेब धोक्याचा आहे.

शिक्षा किती? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगण्याला किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं. बेकायदा बनवणं किंवा विकणं याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप. परदेशातून आणायला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो, आणि तो नसताना पार्सल मागवलं तर प्रकरण ७ वर्षांच्या त्याच गटात जाऊ शकतं. लेथवाल्याने मैत्रीखातर नळी करून दिली तर तोही 'बनवणारा' ठरू शकतो. याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. वरातीत किंवा आनंदात हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता यात भरतीची तयारी करणारं पोरगं ठेवून बघा. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो दिसतो. कोर्टात पुढे काय व्हायचं ते होवो, त्याची भरतीची वर्षं तारखांत निघून जातात. चार इंचांच्या नळीसाठी.

मग फोनवर काय करायचं?

पहिलं, व्हिडिओ बघणं गुन्हा नाही. यंत्र कसं चालतं याची उत्सुकता चांगली आहे. फक्त 'खरेदी करा' या बटणाला हात लावू नका. वेबसाइट वस्तू दाखवते म्हणून ती भारतात कायदेशीर आहे असं होत नाही. 'एअरगन ॲक्सेसरी', 'डेकोरेशन पीस', 'कार पार्ट' अशा नावांनी विकलं जात असेल तर जास्तच सावध व्हा. नाव बदलून कायदा बदलत नाही.

दुसरं, चुकून ऑर्डर दिली असेल तर लगेच रद्द करा. पार्सल निघालं असेल किंवा आधीच हातात आलं असेल तर ते मित्राकडे लपवू नका, जोडून बघू नका, फोटो टाकू नका. आधी वकिलाचा सल्ला घ्या.

तिसरं, एअरगन हातात घेऊन स्टेटस-रील टाकणं बंद करा. स्क्रीनवर एअरगन आणि रायफल यातला फरक कुणाला कळत नाही, आणि पोलीस सोशल मीडियावरच्या अशा रीलची दखल घेतात.

चौथं, अल्गोरिदमला शिकवा. तसा व्हिडिओ आला की 'मला यात रस नाही' दाबा, सर्च हिस्टरी पुसा. आठवड्याभरात फीड बदलते. बंदुकीचं दुकान जसं आठवड्यात आलं तसंच आठवड्यात जातं.

पाचवं, खरंच नेम धरायचा असेल तर सरळ रस्ता आहे. कॉलेजात एनसीसी असेल तर .२२ वर शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली गोळी झाडता येते. रायफल नेमबाजी हा ऑलिम्पिक खेळ आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं.

त्याच्या फोटोत रायफलच्या पुढे एक लांब नळी दिसते. ती ना सायलेन्सर, ना ब्रेक. पुढची माशी डोळ्यापासून जास्त लांब नेण्यासाठी ती असते, म्हणजे नेमातली चूक बारीक दिसते. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांत रायफलवर कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक लावायला मनाईच आहे. जगातला सगळ्यात अचूक नेम धरणारी माणसं ही वस्तू वापरत नाहीत. त्यांचा ब्रेक म्हणजे श्वास, खांदा आणि रोजचा सराव.

पोराला काय सांगितलं

हे सगळं मी त्याला तीन व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. लपेटा पाईप आणि 'टी' त्याला लगेच समजला, कारण दोन दिवसांपूर्वीच रात्री पाणी देताना तो चिखलात पडला होता. हिशेबही पटला. शेवटी त्याने विचारलं, "पण मंग बाकीचे पोरं मागवतात ते?" मी म्हटलं, बाकीच्यांना हा लेख पाठव.

भरतीबद्दलही एक गोष्ट सांगितली. पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेत बंदूक चालवायला लावत नाहीत. तिथे १,६०० मीटर धावायचं असतं, १०० मीटर धावायचं असतं आणि गोळा हाताने फेकायचा असतो. बंदूक सरकार देतं, निवड झाल्यावर, प्रशिक्षणात. तिच्या टोकाला काय लावायचं हेही सरकारच ठरवतं.

परवा त्याचा पुन्हा मेसेज आला. या वेळी स्क्रीनशॉट स्टॉपवॉचचा होता. १,६०० मीटर, ५ मिनिटं ३८ सेकंद. अजून अर्धा मिनिट कमी करायचं आहे.